कळ आणि अक्षर यांच्यामधली मांडवी

रत्नागिरीच्या मांडवीला आज लोक येतात ते समुद्रकिनाऱ्यासाठी आणि जेटीवरच्या वाऱ्यासाठी. पण 'मांडवी' या शब्दाचा जुना अर्थ जकातनाका असा आहे. गलबतातून माल उतरायचा, मांडवीवर त्याची नोंद व्हायची आणि मगच तो पेठेत जायचा. गलबतावर मालाला एक नाव असे, पेठेत दुसरे. ही दोन नावे जुळवण्याचे काम मांडवीवरच्या कारकुनाच्या वहीत होई. मुंबईत आणि कच्छमध्येही मांडवी आहेच. जिथे बंदर तिथे ती असायचीच.

ही वही मला आठवली ती संगणकावर बसलो असताना. १९३०च्या दशकात छापलेले काही मराठी मजकूर मी जसेच्या तसे उतरवून घेत होतो. त्यांत 'इकडे' हा शब्द 'अिकडे' असा छापलेला, 'उद्या' हा 'अुद्या' असा आणि 'एक' हा 'अेक' असा. उतरवताना माझे बोट सवयीने इ च्या कळीवर जाई आणि 'अि'च्या जागी 'इ' उमटे. दहा पानांत असे शंभर वेळा झाले. आता दोनच मार्ग होते. बोटाला नवी सवय लावायची, किंवा इ ची कळ दाबली की 'अि' उमटेल अशी व्यवस्था करायची. माझ्याकडे लिनक्स प्रणालीचा संगणक असल्याने दुसरा मार्ग मोकळा होता. एका साध्या मजकूर-फाइलीत चार-पाच ओळी लिहिल्या आणि काम झाले.

काम झाले, पण एक विचार मनातून जाईना. ज्या मजकुरासाठी मी हे केले त्यातली 'अि' मुळात जन्माला आली ती यंत्राची सोय व्हावी म्हणून. यंत्राला जमत नाही, तर लिपीच बदलू, असा तो प्रयत्न होता. नव्वद वर्षांनंतर त्याच लिपीसाठी मी यंत्र बदलत होतो. या दोन टोकांमध्ये काय घडले, त्याची ही हकिकत आहे.

खिळ्यांचे ओझे

रोमन लिपीत मोठी-छोटी अक्षरे, अंक, विरामचिन्हे धरून शंभराच्या आसपास खिळे पुरत. देवनागरीत व्यंजने, स्वर, वेलांट्या, उकार, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खिळ्यांच्या पेट्या जुळाऱ्यासमोर मांडाव्या लागत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याने हे खिळे अतिशय देखणे केले, पण संख्येचे ओझे कायम राहिले. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीही 'केसरी'च्या निमित्ताने नागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता.

छापखान्यात निदान जागा होती. पेट्या वाढवता येत आणि जुळाऱ्याचा हात लांब जाऊ शके. टंकयंत्र आले आणि ही सोयही संपली. अमेरिकेत शोल्स आणि ग्लिडन यांचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणले. ते फक्त मोठी रोमन अक्षरे उमटवत असे. १८७८ च्या दुसऱ्या नमुन्यात शिफ्टची कळ आली आणि एकाच दांड्यावर दोन अक्षरे बसली. पुढच्या यंत्रांत चाळीस-पंचेचाळीस कळा असत, म्हणजे शिफ्ट धरून नव्वदच्या आसपास चिन्हे. देवनागरीचा सगळा संसार या नव्वद खोल्यांत बसवायचा होता.

टंकयंत्रात कळ आणि अक्षर यांच्यामध्ये काहीच नसते. बोटाखालची कळ एका पोलादी दांड्याला जोडलेली, दांड्याच्या टोकाला अक्षर ओतलेले. ते बदलायचे तर दांड्याचे टोक कापून दुसरे डाखावे लागते. अशा यंत्रात मधे मांडवी नाही. गलबतातला माल थेट पेठेत येऊन पडतो.

यंत्रासाठी लिपी

विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. अस्पृश्यतानिवारण आणि भाषाशुद्धी यांच्याबरोबर त्यांनी लिपिशुद्धीचाही प्रचार केला. त्यातली सर्वांत ठळक सूचना म्हणजे अ ची बाराखडी. क ला वेलांटी दिली की 'कि' होते, तर अ ला वेलांटी देऊन 'अि' का नको? इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही सहा वेगळी चिन्हे त्यामुळे वाचतात. मुलांना शिकायला सोपे, छापायला सोपे आणि टंकयंत्राला तर फारच सोपे. सावरकरांची पुस्तके या पद्धतीने छापली गेली. किर्लोस्कर मासिकांनीही ती काही काळ चालवली. माझ्या पिढीतल्या अनेकांनी घरातल्या जुन्या अंकांत 'अितका', 'अेखादा' असे शब्द वाचले असतील आणि छपाईची चूक समजून सोडून दिले असतील.

हा विचार एका गावापुरता किंवा एका विचारसरणीपुरता नव्हता. साताऱ्याचे काकासाहेब कालेलकर गांधीजींच्या वर्तुळातले. हिंदी साहित्य संमेलनाच्या लिपिसुधार समितीच्या कामात त्यांचा पुढाकार होता आणि अ च्या बाराखडीचे तेही पुरस्कर्ते होते. राजकारणात दोन टोकांवर उभी असलेली माणसे या एका गोष्टीवर सहमत होती, कारण दोघांसमोर उभे असलेले यंत्र एकच होते. १९५३ च्या लखनौ परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटीच अक्षराच्या उजवीकडे आणावी, असा निर्णय झाला. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, कागदावर मात्र आधी. यंत्राला हा उलटा क्रम जाचत होता. लोकांनी ही उजवी वेलांटी स्वीकारली नाही आणि तो निर्णय मागे पडला.

या सुधारकांना आज हसणे सोपे आहे, पण त्यांची अडचण खरी होती. ज्या भाषेला टंकयंत्र नाही तिला कचेरीत स्थान नाही, हे त्यांना दिसत होते. पोलाद वाकत नव्हते, म्हणून त्यांनी लिपी वाकवून पाहिली.

बोटांची विद्या

शेवटी लिपी फारशी बदलली नाही आणि टंकयंत्रही आले. हे साधले ते अक्षरांचे तुकडे करून. देवनागरीत ग, त, न, प, म, स अशा बऱ्याच अक्षरांना उजवीकडे काना असतो. तो काढला की उरते ते अर्धे अक्षर. मग कळीवर अर्धा 'ग' ठेवायचा आणि पूर्ण 'ग' हवा असेल तर पुढे काना दाबायचा. एका कळीत अर्धे आणि पूर्ण अशी दोन्ही कामे झाली. अनुस्वार आणि उकार यांसाठी मुक्या कळा ठेवल्या. त्या दाबल्या की चिन्ह उमटते, पण गाडी पुढे सरकत नाही. ऱ्हस्व वेलांटी मात्र हाताने लिहिताना येते तशीच आधी. म्हणजे टंकलेखक अक्षराचा उच्चार लिहीत नव्हता, अक्षराचे चित्र जोडत होता.

गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टंकयंत्र बनवले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, मग राजभाषा अधिनियम १९६४ आला आणि कचेऱ्यांतून मराठी यंत्रांची खडखड वाढली. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठीचा वेग मिनिटाला तीस शब्द असावा लागे. त्यासाठी गावोगाव टायपिंग इन्स्टिट्यूट निघाल्या. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावी दहावी-बारावीनंतर मुंबई गाठण्याआधी टायपिंगचे प्रमाणपत्र खिशात असावे, ही घरोघरची रीत होती. मुलींसाठी तर ती सन्मानाने मिळवण्याच्या पगाराची पहिली पायरी होती. कळफलकाकडे न बघता 'क' कुठे आणि काना कुठे हे बोटांना ठाऊक व्हायला सहा महिने लागत. एकदा झाले की जन्मभर जात नसे.

ही बोटांची विद्या आपल्याकडे कोणी इतिहासाचा विषय मानलेली नाही. बापूराव नाईकांनी देवनागरी टंकांवर मोठा ग्रंथ लिहिला, सुधारकांचे लेख ग्रंथालयांत आहेत, पण लाखो टंकलेखकांच्या हातांत काय होते त्याची नोंद बहुतेक त्या हातांबरोबरच गेली. गोदरेजने २००९ मध्ये टंकयंत्रांचे उत्पादन थांबवले. पुढे शासकीय टायपिंग परीक्षाही यंत्रावरून संगणकावर गेली.

दोन वाटा

संगणक आला तेव्हा मराठीपुढे दोन वाटा होत्या. पहिली वाट टंकयंत्राचीच. रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे काढलेला फाँट बसवायचा. संगणकाच्या लेखी कळीवर इंग्रजीतला 'एक्स' दाबला गेला आहे. पडद्यावर आणि कागदावर मात्र अर्धा ग दिसतो. टंकलेखकांना काही नवे शिकावे लागले नाही, म्हणून ही वाट झपाट्याने रुळली. १९९० च्या दशकातले बहुतेक डीटीपी याच वाटेने झाले, आणि त्यात दिवाळी अंकही आले. पण प्रत्येक फाँटचा हिशेब वेगळा. एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे उघडला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग.

दुसरी वाट उच्चाराची. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक प्रमाण ठरवला. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे. क आणि ग शेजारच्या ओळींत वरखाली, त्यांचे महाप्राण ख आणि घ त्याच कळांवर शिफ्टसह. अक्षराचे तुकडे नाहीत. आधी व्यंजन, मग वेलांटी, बोलतो त्याच क्रमाने. 'रत्नागिरी' लिहायला नऊ कळा लागतात: र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. ग ची वेलांटी डावीकडे नेऊन बसवणे हे संगणकाचे काम. लखनौच्या परिषदेने जिच्यासाठी लिपीच बदलायला घेतली होती ती अडचण इथे कागदावरचे काहीही न बदलता सुटली, कारण कळ आणि अक्षर यांच्यामध्ये आता मांडवी बसली होती.

मात्र ज्यांची बोटे आधीच तयार होती त्यांच्या वाट्याला यात काय आले? त्यांना सांगितले गेले की तुमची विद्या जुनी झाली, पुन्हा पहिल्यापासून शिका. पूर्वी यंत्रासाठी लिपीला झुकायला सांगितले होते, आता माणसाला. अनेकांनी चाळिशी-पन्नाशीत ते केले. अनेकांनी केले नाही आणि ते मागे पडले.

वहीत काय लिहिलेले असते

लिनक्सवर मला पहिल्यांदा ही मांडवी आतून बघता आली. क ची कळ दाबल्यावर काय होते ते पाहू. इनस्क्रिप्टमध्ये ती इंग्रजी 'के'ची कळ. कळफलकाला क माहीत नाही आणि 'के'ही माहीत नाही. तो फक्त कळीची खूण पाठवतो. प्रणालीचा गाभा त्या खुणेला ३७ हा क्रमांक देतो. त्यावरची एक्स नावाची चित्रव्यवस्था त्यात ८ मिळवते, कारण तिच्या नियमात आठच्या खालचे क्रमांक वापरायचे नाहीत. झाले ४५. मग एक्सकेबी नावाच्या तक्त्यात शोध होतो: तिसऱ्या ओळीतली आठवी कळ, मराठी मांडणी, शिफ्ट नाही. उत्तर येते युनिकोडमधला २३२५ क्रमांक, म्हणजे क. डोळ्याचे पाते लवायच्या आत तीन चौक्या पार होतात.

हा तक्ता म्हणजे एक साधी वाचता येणारी मजकूर-फाइल आहे. भारतीय भाषांच्या मांडण्या एकाच फाइलीत एकाखाली एक आहेत. ती उघडता येते आणि बदलता येते. बिघडली तर पुन्हा दुरुस्त करता येते. कॅप्सलॉक कधीच लागत नसेल तर त्या जागी भाषा बदलण्याची कळ करता येते. उजवा हात अधू असेल तर शिफ्ट दाबून न धरता एकदा टिचकी मारून चालेल असे सांगता येते. माउस धरवत नसेल तर अंकांच्या कळांनी बाण हलवता येतो. हीही सोय त्याच एक्सकेबीत १९९६ पासून आहे.

पण या तक्त्याची एक मर्यादा आहे: व्यवहारात एका कळीला एकच चिन्ह. 'अि' ही संगणकाच्या लेखी दोन चिन्हे आहेत, अ आणि वेलांटी. म्हणून माझी अडचण इथे सुटेना. त्यासाठी पुढच्या चौकीवर, आयबस आणि एम१७एन या लेखनव्यवस्थांकडे जावे लागले. त्यांना आठवण असते. आधीची कळ कोणती होती हे ध्यानात ठेवून त्या पुढचे ठरवतात. याच आठवणीमुळे तिथे टंकयंत्राची रेमिंग्टन मांडणीही चालते. वेलांटी आधी दाबली तरी ती थांबते आणि व्यंजन आल्यावर त्याच्यामागे जाऊन बसते. अर्धा ग आणि काना मिळून पूर्ण ग होतो. चाळीस वर्षांपूर्वी टायपिंग शिकलेल्या बोटांनी नेहमीसारखे टंकायचे आणि आत मात्र शुद्ध युनिकोड साठवले जायचे. माणसाला झुकायला सांगायची गरज नव्हती, हे इथे प्रत्यक्ष दिसते.

बोटांशिवाय कळ

आतापर्यंत पाहिले ते कळ दाबल्यावर अक्षर बदलण्याचे. याच्या उलटही करता येते: कोणी कळ न दाबता ती दाबल्याचे प्रणालीला भासवणे. एक्सडूटूलसारखे छोटे कार्यक्रम चित्रव्यवस्थेला सांगतात की आता ही कळ दाबली गेली, आता माउस इथे सरकला. प्रणालीच्या गाभ्यातली यूइनपुट ही सोय त्याहून खालच्या थरावर काम करते. ती एक खोटा कळफलकच उभा करते आणि वरच्या चौक्यांना तो खऱ्यासारखाच दिसतो.

मला याचा उपयोग एका जुन्या फाइलीसाठी झाला. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका स्थानिक इतिहासविषयक टिपणाचे टंकलेखन मी एका ताईंकडून करून घेतले होते. त्या टंकयंत्रावर शिकलेल्या. फाँटही त्याच मांडणीवर बेतलेला. कागदाची प्रत वाळवीने खाल्ली आणि फाइल उघडली तर रोमन अक्षरांचा चिखल. 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी आणि एच. बरेच दिवस मी ते निरुपयोगी समजत होतो. मग ध्यानात आले की हा चिखल नसून त्या ताईंच्या बोटांची नोंद आहे. त्यांनी त्या दुपारी कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या ते फाइलीत जसेच्या तसे होते. मग रेमिंग्टन मांडणी चालू केली, रिकामे पान उघडले आणि एक्सडूटूलला ती रोमन अक्षरे एकामागून एक टंकायला सांगितले. माझे हात मांडीवर होते आणि पडद्यावर मराठी उमटत होते. काही जोडाक्षरे चुकली, ती हाताने सुधारली. एका जागी काना दोनदा दाबलेला होता. ती चूकही पंचवीस वर्षांनी पुन्हा उमटली.

अशा सोयीला धोक्याची बाजू आहेच. जो कार्यक्रम कळ दाबल्याचे भासवू शकतो तो दुसऱ्याच्या नावाने काहीही लिहू शकतो. जुन्या एक्समध्ये तर एका खिडकीतला कार्यक्रम दुसऱ्या खिडकीत टंकलेला परवलीचा शब्दही ऐकू शके. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेने हे दार बंद केले. त्यामुळे सुरक्षितता वाढली, पण अशी जुनी साधने तिथे पूर्वीसारखी चालत नाहीत आणि अपंगांसाठी केलेल्या काही सोयींनाही नवी वाट शोधावी लागली. मांडवी सगळ्यांना उघडी ठेवली की चोरटा माल येतो, बंद केली की पेठ बसते. किती उघडायची याचा वाद प्रत्येक बंदराने घातलेला आहे.

जसे छापले तसे

वहीत कोणते नाव लिहिले जाते त्यावर पुढचे बरेच ठरते. मराठीला 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली मिळाले. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन दोन चिन्हांनी ते लिहीत. दिसायला दोन्ही सारखीच, पण शोध घेताना संगणकाला वेगळी. 'तऱ्हा' मधल्या ऱ चीही तीच कथा: योग्य कळ ठाऊक नसल्याने कितीतरी जण ते अर्धे अक्षर डॅशसारख्या चिन्हाने भागवतात, आणि तो शब्द पुढे शोधताना हाती लागत नाही.

'अि'बद्दल माझा आग्रह याच कारणाने आहे. जुनी पुस्तके संगणकावर आणताना बहुतेक ठिकाणी 'अिकडे'चे 'इकडे' केले जाते. वाचकाची सोय होते, पण त्याबरोबर एका पिढीने लिपीसाठी घातलेला वाद पुराव्यानिशी नाहीसा होतो. पुढच्या अभ्यासकाला कळणारच नाही की रत्नागिरीत बसून कोणी अ ला वेलांटी दिली होती आणि महाराष्ट्रातल्या छापखान्यांनी काही वर्षे ती मान्यही केली होती. आधी जसे छापले तसे उतरवावे, आणि सोयीची प्रत त्यावरून वेगळी करावी. आता यंत्राकडे तशी ताकद आहे, तेव्हा सबब उरलेली नाही.

याबरोबर आणखी एक काम करण्यासारखे आहे. ज्यांच्या घरी मराठी टंकयंत्र अजून आहे त्यांनी त्याच्या कळफलकाचे ओळीने टिपण करून ठेवावे: कोणती कळ, साधी काय, शिफ्टसह काय, मुकी कोणती. घरात टायपिंग शिकलेली आई, आत्या किंवा काका असतील तर त्यांना विचारून ठेवावे. पोलाद गंजेल आणि बोटेही थकतील, पण तक्ता हाती असेल तर त्यांची मांडणी कुठल्याही संगणकावर पुन्हा जिवंत करता येते. त्याला लागतात त्या साध्या मजकूर-फाइलीतल्या शंभरेक ओळी.

माझे उतरवण्याचे काम अजून चालू आहे. कामाला बसताना मी तो चार-पाच ओळींचा तक्ता चालू करतो, उठताना बंद करतो. परवा बंद करायला विसरलो आणि पुतण्याला निरोप पाठवला, "अिकडे कधी येतोस?" त्याचा उलट निरोप आला, "काका, चूक झालीय." मी त्याला लिहिले की चूक नाही, आलास की सांगतो.